जाताना मिळालेली बढती

माझ्या टेबलासमोर बसणारा माणूस स्वतःचं काम सांगताना नेहमी एक पायरी वर चढायचा. हेल्पर असेल तर ऑपरेटर म्हणायचा, ऑपरेटर असेल तर सुपरवायझर, आणि सुपरवायझर असेल तर "सगळं मीच बघतो" असं म्हणून खुर्चीत मागे टेकायचा. सव्वीस वर्षं मी हे ऐकलं. डोंबिवली पूर्वेला, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, परदेशी नोकरीला माणसं पाठवणारी एक सरकारमान्य एजन्सी होती. तिथलं कागदपत्रांचं टेबल माझ्याकडे होतं. खाली डॉक्टरांपुढे आणि वर माझ्यापुढे, दोन्हीकडे माणसं सारखीच घाबरून बसलेली असायची. फरक इतकाच की खाली तोंड उघडायला सांगायचे आणि वर मला ते बंद करायला सांगावं लागायचं.

नातेवाइकांना माझं काम कधी नीट कळलं नाही. माझी नणंद लग्नाकार्यात ओळख करून द्यायची, "ही आमची वहिनी, लोकांना दुबईला पाठवते." मग पुढचा अर्धा तास कुणाचा तरी भाचा माझ्या गळ्यात पडायचा. प्रत्यक्षात मी कुणाला पाठवत नसे. पाठवायचे मालक. मी फक्त एक रकाना सांभाळायचे.

त्या रकान्याची गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. परदेशात कामाला जाणाऱ्याच्या परवान्यावर नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर असतो, तसाच एक रकाना कामाचा असतो. तिथल्या सरकारने कामांची लांबलचक यादी केलेली असते आणि प्रत्येक कामाला एक आकडा दिलेला असतो. वेल्डर, सुतार, स्वयंपाकी, सफाई कामगार, शेतमजूर, काय वाट्टेल ते. माणूस विमानातून उतरला की त्या रकान्यात जे लिहिलंय ते त्याचं काम, मग त्याच्या हातात कितीही कसब असो. पगार, विमा, बायकोपोरांना आणता येणं, तपासणी झाली तर सुटका, सगळं त्या आकड्यावर.

तो आकडा चुकायचा. फार चुकायचा. कधी तिकडच्या कंपनीमुळे, कारण सरकार कंपनीला कामावार जागा ठरवून देतं. दहा वेल्डरांच्या जागा भरल्या की अकरावा वेल्डर 'माल उचलणारा' म्हणून आणायचा, ही तिकडची पळवाट. शहाडचे एक आचारी माझ्याकडे आले होते. चारशे पानांच्या पंगती एकट्याच्या जोरावर उठवणारा माणूस. त्यांचा परवाना आला तो मेंढपाळ म्हणून. मी वाचून दाखवलं तर त्यांना हसू आवरेना.

"मॅडम, मी काय बोलतो," ते म्हणाले, "बकरी मी फक्त पातेल्यातच बघितलीय. पण जाऊ द्या ना, तिथे गेल्यावर बघू."

मी जाऊ दिलं नाही. दोन महिने त्यांची फाईल अडवून धरली, स्वयंपाकी म्हणून नवा परवाना येईपर्यंत. त्या दोन महिन्यांत त्यांनी मला ज्या शिव्या घातल्या असतील त्या शहाडच्या पुलावरून खाली नदीत गेल्या असं मी समजते. गेल्यावर मात्र पहिल्या सुट्टीत खजुराचं खोकं घेऊन आले.

मी एवढी हट्टी का, तर कल्याणच्या एका सुतारामुळे. त्याचा फॉर्म माझ्या आधी त्या टेबलावर असणाऱ्याने भरला होता, सफाई कामगार म्हणून. काम करत होता करवतीच्या मशीनवर. एक दिवस तीन बोटं गेली. विम्यावाल्यांनी साधा प्रश्न विचारला की सफाई कामगार करवतीजवळ काय करत होता? आणि भरपाई नाकारली. तो माणूस परत आला आणि फाईल बंद करायला माझ्यापुढे आली. सही करताना त्याने पेन डाव्या हातात धरलं होतं. मी नवी होते, पण त्या दिवशी ठरवलं की या रकान्यात चूक होऊ द्यायची नाही.

आणि तरीही एक चूक मी स्वतः केली, डोळे उघडे ठेवून. तीच सांगायला बसले आहे.

चुकीचं एक कारण तिकडचं सांगितलं. दुसरं आपल्याकडचं आहे आणि ते प्रेमाचं आहे, म्हणून ते जास्त अवघड. आमच्या एमआयडीसीत छोट्या कारखानदारांची एक रीत होती. दहा-बारा वर्षं राबलेला माणूस आखातात जायला निघाला की त्याला नारळ, शाल आणि अनुभवाचं पत्र द्यायचं. नारळ-शाल सगळ्यांना सारखीच. पत्रात मात्र मालक त्याला हौसेने एक हुद्दा वर चढवायचे. नोकरीत असताना जी बढती द्यायला जमली नाही ती जाताना द्यायची. हेल्पर म्हणून आत आलेला ऑपरेटर होऊन बाहेर पडायचा. घरी जाऊन तो ते पत्र देवापुढे ठेवायचा, आणि मालकालाही बरं वाटायचं. यात कुणाला खोटं बोलल्यासारखं वाटत नसे. मलाही वाटत नसे, हे कबूल करते.

मानपाड्याजवळ पाध्येसाहेबांचा रंगाची रसायनं करायचा कारखाना होता. चाळीस-बेचाळीस माणसांचा. तिथून अकरा वर्षं काम करून सुरेश पाष्टे माझ्याकडे आला. मूळचा रत्नागिरीकडचा, राहायला मानपाड्यातच. अंगाने किरकोळ, बोलायला त्याहून किरकोळ. शेजारी त्याची बायको सुनीता, मांडीवर तीन-चार वर्षांची मुलगी. पत्र सुनीताने पिशवीतून काढलं, साडीच्या पदराने पुसलं आणि माझ्यापुढे ठेवलं. त्यावर लिहिलं होतं, 'युटिलिटी सुपरवायझर', म्हणजे कारखान्याला पाणी, वाफ, वीज पुरवणाऱ्या यंत्रांवरचा मुकादम.

"डिप्लोमा कुठला?" मी विचारलं.

"नाही मॅडम. दहावी झालेलो."

"मग सुपरवायझर कसे?"

"साहेबांनी लिहिलंय," तो म्हणाला, आणि मुलीच्या रिबिनीकडे बघत बसला.

मला तेव्हाच कळलं होतं. पुढचा प्रश्न विचारायचा होता की तुम्ही हाताने नक्की काय करता? तोच माझा नेहमीचा प्रश्न. हुद्दा विचारायचा नाही, हात विचारायचे. पण त्या दिवशी तिकडच्या कंपनीची मागणी टेबलावर पडली होती. हॉस्पिटलांचे कपडे धुणारी मोठी लाँड्री होती ती, आणि त्यांच्याकडे नेमकी सुपरवायझरची एक जागा मोकळी होती. शिवाय सुनीता माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी निकालच देणार आहे. मी आकडा भरला. सहीसुद्धा केली. घरी जाताना मनाची समजूत घातली की माणूस चांगला आहे, निभावून नेईल.

निभावलं की. चौदा वर्षं निभावलं. पाष्टे दर दोन वर्षांनी सुट्टीवर यायचा, ऑफिसात येऊन पाच मिनिटं बसायचा, "बरं चाललंय ताई" म्हणायचा. मॅडमची ताई कधी झाले ते आठवत नाही. मुलगी शाळेतून कॉलेजात गेली. पत्र देवापुढून कपाटात गेलं असावं. आणि मग माझ्या निवृत्तीला सात-आठ महिने राहिले असताना एक दिवस दुपारी त्याचा फोन आला.

"ताई, माझं नाव मोठं झालंय," तो म्हणाला. "मला छोटं करा."

मला आधी काही समजेना. मग हळूहळू उलगडलं. तिथल्या सरकारने नियम कडक केले होते. सुपरवायझर आणि त्यावरच्या हुद्द्यांना डिग्री किंवा डिप्लोमा दाखवल्याशिवाय परवाना वाढवून मिळणार नव्हता. पाष्टेच्या परवान्याला तीन महिने उरले होते. डिप्लोमा आणायचा कुठून? परत येऊन नव्याने जावं, तर त्याचं वय अठ्ठेचाळीस, या वयात नवा परवाना कोण देतो? तो एकदा बाहेर पडला असता तर ती नोकरी गेलीच असती.

"तुम्ही तिथे रोज करता काय?" मी विचारलं. चौदा वर्षांनी विचारलं.

"बॉयलर चालवतो, ताई. इथेही तेच, साहेबांकडेही तेच. दुसरं काय येतंय मला?"

मी कपाळाला हात लावला. बॉयलर म्हणजे वाफ तयार करायचं अवाढव्य पिंप असं समजा, खाली आग आणि आत पाणी. नीट सांभाळलं तर कारखाना चालतो, नाहीतर कारखाना उडतो. त्यामुळे आपल्याकडे कायदाच आहे की सरकारी परीक्षा पास झालेल्या माणसाशिवाय बॉयलरला कुणी हात लावायचा नाही. त्या परीक्षेचं सर्टिफिकेट आखातात सोन्यासारखं चालतं. बॉयलर ऑपरेटरचा आकडा वेगळा, त्याला डिप्लोमा लागत नाही, सर्टिफिकेट लागतं.

"सर्टिफिकेट आहे का तुमच्याकडे?"

"आहे. पण ते सेकंड क्लास आहे ताई. सेकंड क्लास बॉयलर अटेंडंट."

"अहो, मग मला दाखवलं का नाही?"

"कसं दाखवणार? सुनीताच्या माहेरी सगळे विचारायचे, अटेंडंट म्हणजे हॉस्पिटलात पेशंटला धरतात तो का? आणि वर सेकंड क्लास. साहेबांनी सुपरवायझर लिहिलं, मला वाटलं झाकलं गेलं."

त्याला कोण सांगणार की ते सेकंड क्लास म्हणजे दुसऱ्या दर्जाचा माणूस नव्हे. किती मोठा बॉयलर हाताळायची परवानगी आहे, त्याची ती श्रेणी. माझ्या सव्वीस वर्षांत माणसांनी खोटे कागद पुढे केलेले मी ढिगाने पाहिले. स्वतःचा सगळ्यात खरा आणि सगळ्यात मोलाचा कागद लाजेने लपवणारा हा पहिलाच. आणि मी एक प्रश्न विचारला असता तर तो त्याच दिवशी बाहेर आला असता.

त्याच्या लाँड्रीतले अधिकारी भले निघाले. बॉयलर ऑपरेटरची जागा त्यांच्याकडे होती, काम तर तो तेच करत होता. त्यांना तीन गोष्टी हव्या होत्या. मूळ सर्टिफिकेट, जुन्या मालकाचं नवं पत्र की हा माणूस आमच्याकडे बॉयलर अटेंडंट होता, आणि आधीच्या पत्रात वेगळा हुद्दा का लिहिला याचा खुलासा. खुलासा द्यायचा म्हणजे पाध्येसाहेबांनी लिहून द्यायचं की मी तेव्हा खोटं लिहिलं.

आणि मूळ सर्टिफिकेटही त्यांच्याकडेच असणार होतं. बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट बॉयलरच्या खोलीत भिंतीवर लावतात. पाष्टे आखातात गेला तेव्हा ते तिथेच राहिलं. काढून न्यावं असं त्याला वाटलंच नव्हतं. कारखाना बंद पडून सहा वर्षं झाली होती.

मी सुनीताला बोलावून घेतलं आणि आम्ही दोघी रिक्षाने पाध्येसाहेबांकडे गेलो. पूर्वेलाच, एका जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर. साहेब ब्याऐंशीचे. लेंगा, वर इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. ऐकू थोडं कमी यायचं, पण तोरा तसाच. सुनीताला त्यांनी ओळखलं.

"पाष्टेची बायको ना? बसा. काय म्हणतो आमचा सुपरवायझर?"

त्यांच्या आवाजात इतकं कौतुक होतं की मला बोलायला सुरुवात करणं जड गेलं. चहा आला. मी सगळं सांगितलं, नियम, मुदत, काय काय लागेल ते. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि कप खाली ठेवला.

"नाही जमणार," ते म्हणाले.

"साहेब, दोन ओळींचं पत्र आहे."

"दोन ओळी आहेत म्हणूनच नाही जमणार. चाळीस वर्षं धंदा केला. कुणाला खोटा कागद दिला नाही, असं मुलांना, व्याह्यांना, सगळ्यांना सांगत आलोय. आता मीच लिहू की मी खोटारडा आहे? आणि मी माणसाला वर चढवून पाठवला होता मॅडम, आपुलकीने. त्याला खाली उतरवायच्या कागदावर मी सही करणार नाही."

मी समजूत घालायला लागले. कायद्याचं सांगितलं, नोकरीचं सांगितलं, मुलीच्या कॉलेजचं सांगितलं. माझा आवाज जरा चढला, कारण त्यांना ऐकू येत नव्हतं आणि मला रागही आला होता. खरं तर राग स्वतःचाच होता. साहेब खिडकीबाहेर बघत बसले. सुनीताने चहाचे कप उचलून ट्रेमध्ये ठेवले आणि उभी राहिली.

"साहेब, एक विचारू?" ती म्हणाली. "अकरा वर्षं हे तुमच्या बॉयलरपाशी उभे होते. तेव्हा ते तुम्हाला लहान वाटायचे का?"

ती भांडायला बोलली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, निदान मला तसं वाटलं. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. मला वाटलं ऐकू आलं नसेल. मी तोच प्रश्न मोठ्याने विचारणार तेवढ्यात त्यांनी हात करून मला थांबवलं.

"तुला सांगितलंय का त्याने, एकदा पाण्याचा पंप बंद पडला होता ते?"

सुनीताने मान हलवली. तिला माहीत नव्हतं.

"दुपारची पाळी. पंप बंद पडला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. हा जेवून आला तर बॉयलरमधलं पाणी तळाला गेलेलं. खाली आग धडाडतेय. सगळे ओरडायला लागले, पाणी सोडा, पाणी सोडा. मीसुद्धा ओरडलो. इंजिनिअर मी, डिग्रीवाला, आणि मी ओरडतोय पाणी सोड म्हणून. तापलेल्या कोरड्या लोखंडावर गार पाणी पडलं असतं तर सगळं फुटलं असतं, हे मला त्या क्षणी सुचलं नाही. याने भट्टीतली आग बाहेर ओढून काढली आणि पाण्याच्या व्हॉल्व्हवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. कुणाला हात लावू दिला नाही. मी मालक, मला पण नाही. म्हणाला, साहेब, तुम्ही बाहेर जा."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, गेलो. आमचा खरा सुपरवायझर सगळ्यांच्या आधी गेटपर्यंत पोचला होता, आणि त्याच्या मागे मी. हा एकटा आत. बॉयलर थंड होईपर्यंत." साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बेचाळीस माणसं होती त्या दिवशी कारखान्यात. मी त्याला शाल दिली आणि पत्रात सुपरवायझर लिहिलं. गेटपर्यंत पळणाऱ्याचा हुद्दा दिला मी त्याला."

सुनीता पुन्हा खाली बसली होती आणि रडत होती. मलाही डोळे पुसावे लागले, आणि मी ऑफिसात कधीही न रडण्याबद्दल प्रसिद्ध आहे.

साहेब भिंतीला धरत आत गेले. बऱ्याच वेळाने आले ते काखोटीला एक फ्रेम घेऊन. काच काजळीने पिवळी पडलेली, आत पाष्टेचा कोवळ्या मिसरुडातला फोटो आणि सरकारी शिक्का. कारखाना विकताना त्यांनी यंत्रं, टेबलं, पंखे सगळं भंगारवाल्याला दिलं होतं. बॉयलरच्या खोलीतली ही एक फ्रेम मात्र स्वतः खिळ्यावरून उतरवून घरी आणली होती. का आणली, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

"घ्या लिहून," ते मला म्हणाले.

पत्र त्यांनीच सांगितलं, मी कागदावर उतरवलं. आधीच्या पत्रात मी चुकीचा हुद्दा लिहिला. सुरेश पाष्टे हे माझ्या कारखान्यात अकरा वर्षं सेकंड क्लास बॉयलर अटेंडंट होते. या अकरा वर्षांत माझ्या बॉयलरवर एकही अपघात झाला नाही. मी म्हटलं, शेवटच्या वाक्याची तिथे गरज नाही, ते लोक फक्त हुद्दा बघतात.

"गरज मला आहे," साहेब म्हणाले. "ठेवा."

मग माझी पाळी होती. खुलाशात फक्त साहेबांची चूक लिहिली तर ते अर्धंच खरं झालं असतं. पत्र त्यांचं होतं, पण आकडा मी भरला होता, शंका असताना भरला होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसात एजन्सीच्या वतीने मी माझा खुलासा टाईप केला. उमेदवाराचं प्रत्यक्ष काम न विचारता चुकीचं वर्गीकरण केलं, जबाबदारी माझी. आमचे मालक घाबरले. "अहो मॅडम, सहा महिन्यांत रिटायर होताय, कशाला स्वतःच्या नावावर डाग लावून घेताय? टायपिंग मिस्टेक लिहा." मी तसं लिहिलं नाही. मालक दोन आठवडे माझ्याशी कामापुरतं बोलले. निरोप समारंभात त्यांनी भाषणात माझी 'निष्कलंक सेवा' असा उल्लेख केला तेव्हा मी मान खाली घालून पेढा खाल्ला.

कागद गेले. सर्टिफिकेटवर सरकारी शिक्के मारून घ्यायला मी स्वतः खेटे घातले, कारण पाष्टेच्या फाईलवर आता कुणाचा भरवसा ठेवायची माझी तयारी नव्हती. तिकडून एकदा प्रश्न आला की अकरा वर्षं म्हणजे कुठल्या तारखेपासून. त्याचं उत्तर दिलं. मग काहीच नाही. पाच आठवडे काही नाही. सुनीता रोज संध्याकाळी फोन करायची, "ताई, काही आलं?" आणि मी रोज म्हणायचे, "येईल गं." मला झोप लागत नव्हती. मुदत संपायला नऊ दिवस उरले होते. पाष्टेने सामान बांधायला घेतलं होतं, हे त्याने बायकोला सांगितलं नव्हतं, मला सांगितलं होतं.

आठ दिवस उरले असताना परवान्याचा फोटो आला. मी तो मोबाईलवर इतका मोठा करून पाहिला की नाव दिसेना, नुसता रकाना दिसत होता. बॉयलर ऑपरेटर. मी खुर्चीतून उठले आणि कुणाला सांगावं ते सुचेना म्हणून खाली जाऊन दातांच्या डॉक्टरांच्या रिसेप्शनिस्टला सांगितलं. ती बिचारी म्हणाली, "अभिनंदन," आणि अपॉइंटमेंटची वही पुढे केली.

सुनीता पेढे घेऊन आली आणि हट्टाने मला साहेबांकडे घेऊन गेली. साहेबांनी पेढा हातात घेतला, खाल्ला नाही. परवाना वाचून दाखवायला लावला, दोनदा. मग म्हणाले, "फोन लावता का त्याला?"

सुनीताने व्हिडिओ कॉल लावला. पाष्टे ड्युटीवर होता, मागे पाईप दिसत होते आणि भयंकर आवाज येत होता. साहेबांना पाहून तो गडबडीने उभा राहिला, डोक्यावरची टोपी काढली. साहेबांनी फोन अगदी नाकाजवळ धरला. मला वाटलं आता काहीतरी माफीचं बोलतील. त्यांच्या ओठांवर ते आलंही असावं, कारण एक-दोनदा नुसतेच हलले. सुनीताने माझा हात घट्ट धरला होता.

"पाष्टे," साहेब शेवटी म्हणाले, "पाणी किती आहे रे?"

कारखाना चालू होता तेव्हा रोज सकाळी आठ वाजता गेटातून आत आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न हा असायचा, असं सुनीताने मला खाली उतरताना सांगितलं. बॉयलरला काचेची एक नळी असते, तिला ग्लास म्हणतात, तिच्यात आतलं पाणी किती आहे ते दिसतं. ती अर्धी भरलेली असली की सगळं ठीक.

पाष्टे वळला. फोन हातात तसाच ठेवून त्याने वर पाहिलं, नीट पाहिलं, आणि पुन्हा आमच्याकडे वळला तेव्हा त्याचा चेहरा ओला होता. वाफेने असेल.

"अर्धा ग्लास आहे, साहेब."

"बरं," साहेब म्हणाले. "मग चालू दे."